सध्या काय लिहिताय?

डॉक्टरांना कोणी ‘सध्या काय कापताय?’ असं विचारत नाही. वकिलांना ‘सध्या कोणाला बुडवताय?’ असं विचारण्याची आपल्यात पद्धत नाही. पण कादंबरीकार दिसला रे दिसला की, ‘काय, सध्या नवीन काय लिहिताय?’ हा प्रश्न त्याच्या अंगावर येतोच. विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं असंही नाही. ‘पाऊस काय म्हणतोय?’ यासारखाच तो एक प्रश्न. पाऊस जसा काही म्हणत नाही, तसंच आपणही हसून पुढं व्हायचं असतं.

माझ्या पाच कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. ‘प्रसिद्ध’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. त्यांतला ‘छापलेल्या’ हा माझ्या वाट्याला आला. सहावी गेली चार वर्षं चालू आहे. त्यातली पहिली तीन वर्षं ती खरोखरच चालू होती. अठरा प्रकरणं झाली आणि एकोणिसाव्याच्या उंबऱ्यावर ती जी बसली, ती अकरा महिने झाले तरी उठायला तयार नाही.

अशा वेळी लेखक वाचन वाढवतो. वाचन हे काम न करण्याचं सर्वांत प्रतिष्ठित कारण आहे. मी अँथनी ट्रोलपचं आत्मचरित्र काढून बसलो. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालं. बरीच वर्षं पोस्टातली नोकरी सांभाळून या गृहस्थानं एकूण ४७ कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, समोर घड्याळ ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांत २५० शब्द काढायचे, हा त्याचा खाक्या. वेळेवर उठवण्यासाठी घरच्या मोतद्दाराला तो वर्षाला पाच पौंड जादा देई.

हे मी मोठ्या कौतुकानं बायकोला वाचून दाखवलं.

‘‘मग आपलं काय अडलंय?’’ ती म्हणाली. ‘‘उद्यापासून मी उठवते. पाच पौंडांचे रुपये किती होतात तेवढं बघून ठेवा.’’

तिनं उठवलंही. मी घड्याळ समोर ठेवलं. पहिल्या पंधरा मिनिटांत अकरा शब्द झाले. त्यांतले चार खोडले. उरलेल्या सातांत ‘बायो’ हे नाव दोनदा आलं होतं. आठव्या दिवशी बायको म्हणाली, ‘‘अहो, नुसतंच जागं राहायचं असेल तर दूध तरी घेऊन या.’’ तेव्हापासून साडेपाचला मी दूध आणतो.

कादंबरी थांबली म्हणून संसार थांबत नाही. दळण असतं, गॅसवाल्याची वाट पाहायची असते, गॅलरीतल्या कबुतरांशी रोजचा तह करायचा असतो. गिरणीत नंबर लावून बसलं की मला फार चांगली वाक्यं सुचतात. पण ती घरी येईपर्यंत पिठासारखी गरम राहत नाहीत.

मग संगीत. लिहिताना मागं मंद गाणं चालू असावं, असं कुठल्याशा थोर लेखकाच्या मुलाखतीत वाचलं होतं. मी मल्लिकार्जुन मन्सूर लावले. ज्याला मन्सूरअण्णा मागं मंद ठेवता येतात, तो माणूस थोर असेलही, पण त्याच्याशी मी ओळख ठेवणार नाही. ते गायला लागले की आपण लेखणी खाली ठेवून नुसतं ‘वा’ म्हणायचं असतं. तासाभरानं कागदावर पाहिलं तर खरोखरच ‘वा’ एवढंच लिहिलं होतं.

नंतर कुमार गंधर्व लावले. आणि एकदम मनाला उभारी आली. १९४७च्या सुमारास ऐन तारुण्यात त्यांना क्षयानं गाठलं. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला गेले आणि पाच-सहा वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या बायाबापड्यांच्या तोंडची माळव्यातली लोकगीतं ते ऐकत राहिले. एक फुप्फुस निकामी झालेलं. पण उठले ते निराळंच गाणं घेऊन. म्हणजे मोठ्या कलावंताचं गप्प राहणं हेसुद्धा कामच असतं! हा मुद्दा मी जेवताना मांडला.

‘‘त्यांना क्षय होता,’’ बायको म्हणाली. ‘‘तुम्हांला काय झालंय?’’

मला काय झालंय, ते मी तिला सांगितलं नव्हतं. मला आक्का झाली होती.

आक्का माझी सर्वांत थोरली बहीण. वय ८६. शनिवार पेठेत मुलाकडे असते. मला अक्षरओळख शाळेनं करून दिली असेल, पण कादंबरीची ओळख आक्कानं करून दिली. साताऱ्याच्या आमच्या घरात, पडवीत, कंदिलाशेजारी बसून ती मला ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचून दाखवायची. हरिभाऊ आपट्यांची ही कादंबरी १८९०मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली होती, त्यामुळे त्या वेळच्या वाचकांना पुढच्या मजकुरासाठी आठवडाभर थांबावं लागे. मला मात्र आक्काचं रडणं संपेपर्यंत थांबावं लागे. यमूचे हाल सुरू झाले की तिचा आवाज कापायचा, पुस्तक मिटायचं, पदर डोळ्यांना लागायचा. आणि मी आपला, ‘‘आक्का, पुढं काय झालं? सांग ना!’’

आता तिच्या डोळ्यांचा पडदा वयोमानानं झिजला आहे. या आजाराची गंमत अशी, की कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ‘‘माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही,’’ ती सांगते. ‘‘आणि पुस्तकाचा फक्त समास वाचता येतो.’’ म्हणून दर बुधवारी आणि शनिवारी मी बसनं जातो आणि झालेलं प्रकरण तिला वाचून दाखवतो. माझ्या वाचकांपैकी एवढं लक्ष देऊन ऐकणारं दुसरं कोणी नाही. सहाव्या प्रकरणातल्या विहिरीला तेराव्या प्रकरणात रहाट नव्हता, हे तिनंच धरलं.

कादंबरीत बायो नावाची एक म्हातारी आहे. साताऱ्याच्या वाड्यात राहते, सगळ्यांना धाकात ठेवते, नाटकातली पदं गुणगुणत कैऱ्या चिरते. ही कोण, हे आक्कानं दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं. ‘‘मी एवढी खवट नाही हं,’’ म्हणाली आणि खूश झाली. कथानकाच्या आराखड्यानुसार ही बायो एकोणिसाव्या प्रकरणात जाते. ती गेल्याशिवाय वाडा विकला जात नाही, आणि वाडा विकला गेल्याशिवाय कादंबरी संपत नाही. ज्या हातानं हे लिहायचं, तेच कागद हातात धरून बुधवारी आक्कासमोर बसायचं. ट्रोलपच्या घड्याळात याला उपाय नाही.

अकरा महिने मी तिला जुनीच प्रकरणं ‘सुधारून’ वाचत होतो. मध्ये एकदा वेळ काढायला डिकन्सची गोष्ट सांगितली. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ बारा भागांत यायची होती. सहा भागांचा मजकूर लिहून झाला आणि जून १८७०मध्ये डिकन्स वारला.

‘‘म्हणजे त्या रहस्याचा उलगडा झालाच नाही?’’

‘‘नाही. दीडशे वर्षं लोक तर्क करताहेत.’’

‘‘मी एवढी थांबणार नाही हं, बाळ्या,’’ आक्का म्हणाली.

मी चष्मा पुसायला घेतला. माझ्या कानांकडे पाहत ती म्हणाली, ‘‘बायो मरते ना?’’

मी गप्प.

‘‘अरे, मग मार की तिला! किती दिवस ताटकळत ठेवतोस बिचारीला? चार बायका भेटायला येऊन जाऊ देत, लोणचं मुरलं की नाही ते बघू दे, आणि मग जाऊ दे. बोलता बोलता जाऊ दे पण. हॉस्पिटलात नको. नळ्याबिळ्या लावू नकोस.’’

‘‘आक्का...’’

‘‘आणि वाचताना आवाज कापू देऊ नकोस. आधीच मला कमी ऐकू येतं.’’

त्या रात्री मी दोन पानं लिहिली. एकही शब्द खोडला नाही. सकाळी बायकोनं ती वाचली, काही बोलली नाही आणि दूध आणायला स्वतः गेली. तेव्हा प्रकरण बरं जमलं असावं.

गेल्या बुधवारी आक्काला चौदा पानं वाचून दाखवली. भेटायला येणाऱ्या बायका तीन झाल्यात, चौथी शनिवारी येईल. लोणचं अजून मुरायचं आहे. आक्काचं म्हणणं, कैरी यंदा जरा कडक आहे, तेव्हा घाई नको.