खांद्याचा जोड

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. दिवसभर कचेरीत आकडे जुळवायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेचे कुलूप उघडायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम. थोरल्या मुलीने बँकेची परीक्षा द्यावी, हा आमचा हट्ट. तिने मात्र अभ्यासिकेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर शिकायला घेतले. त्यात माणसांचे पुतळे घडवून त्यांना हलवता-चालवता येते. "कार्टूनवर घर चालतं का?" असे आम्ही तिला चारचौघांत बोललो होतो.

गेल्या महिन्यात एका स्टुडिओने तिच्याकडे कामाचा नमुना मागितला. मुदत ४ दिवसांची. तिने बनियन घातलेला कबड्डीपटू घडवला. धड वेगळे केले, हात वेगळा केला आणि दोन्ही जवळ आणून बसवले. गडी उभा असला की झकास दिसे. पण चढाईसाठी हात उचलला की खांद्यापाशी फट पडे. तिसऱ्या रात्री पोरगी डोळे पुसताना दिसली.

आम्ही म्हणालो, "अगं, त्याला बाह्यांचा सदरा घाल. झाकून जाईल."

"पप्पा, पुष्कळ जण तसंच करतात. पण कबड्डीच्या गड्याला सदरा? आणि त्यांना जोडच तर बघायचा आहे."

आम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलो. तिने समजावले. हा पुतळा म्हणजे बिंदूंचे जाळे. 'जॉईन' केले की कॉम्प्युटर धड आणि हात एक वस्तू मानतो. पण ते नावापुरतेच. बिंदू वेगळेच राहतात, एकाच जागी दोन-दोन. हात हलला की ते एकमेकांना सोडून जातात. जवळचे बिंदू एक करण्याची सोय आहे, पण तिने अंतर जास्त दिले तेव्हा खांदा राहिला बाजूला आणि बोटेच एकमेकांना चिकटली!

आम्हांला दुसरे काय येणार? आम्ही बिंदू मोजू लागलो. खांद्याच्या भोकाभोवती १६, दंडाच्या कडेला १२. जमा आणि नावे जुळत नाही, तर ताळेबंद कसा लागेल? तिने दंडावर लांबीच्या ४ रेषा वाढवल्या आणि कोपराच्या वर मिटवल्या. १६ समोर १६ आले. मग कडेला कड जोडून घेतली. तरी एक काळपट डाग राहिलाच. तिथले काही तुकडे उलटे, आतली बाजू बाहेर करून बसले होते. ते सुलटे करताच डाग गेला.

एवढ्याने भागले नाही. हात उचलताच काख चेपली. आत हाडे असतात आणि प्रत्येक बिंदू कोणत्या हाडामागे किती जाणार, याचा वाटा ठरवावा लागतो. जोडावरच्या बिंदूंना थोडा वाटा धडाचा, थोडा हाताचा, बेरीज १. ही तर आमची भागीदारीची खाती! एकेक वाटा कमीजास्त करीत पहाट झाली. हात उचलला तेव्हा कातडी ताणली, पण कुठे तुटली नाही.

चहा घेताना तिने सांगितले, १९७२ साली अमेरिकेत युटा विद्यापीठात एड कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी कॉम्प्युटरवर हात हलवून दाखवला. कॅटमलने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन त्यावर सुमारे ३५० त्रिकोण-बहुकोन आखले आणि त्यांचे कोपरे मोजून आकडे भरले. पुढे तोच पिक्सार कंपनीच्या संस्थापकांत होता. आणि ब्लेंडर फुकट कसे? २००२ साली लोकांनी १ लाख युरो जमवून ते सर्वांसाठी खुले करून घेतले. वर्गणीची ताकद आम्हांला कुणी सांगायला नको. पण जिच्यावर आमची पोरगी शिकली, ती वस्तूही वर्गणीतून खुली झाली, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

नमुना वेळेत गेला. उत्तर अजून यायचे आहे. काहीही आले तरी चारचौघांत बोललेले शब्द आम्ही चारचौघांतच मागे घेतले. अभ्यासिकेतली आणखी तीन मुले आता संध्याकाळी तिच्याकडे शिकायला बसतात.

आईबापांनो, पोरं रात्री जागून काय करतात, ते ओरडण्याआधी एकदा शेजारी खुर्ची टाकून बघा. कदाचित त्यांना बिंदू मोजणारा माणूस हवा असेल.