भाजेची सहल आणि खाड्याचा हिशेब

पावसाळा लागला की रविवारी सकाळची पुणे-लोणावळा लोकल निम्मीअधिक मळवली स्टेशनवर रिकामी होते. इंद्रायणीच्या खोऱ्यातले भाजे गाव, वरच्या अंगाला लेणी, जवळच धबधबा आणि पाठीशी लोहगड-विसापूर हे दोन किल्ले. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीतून सकाळी निघून रात्री घरी परतण्यासारखे याहून स्वस्त आणि सुंदर ठिकाण सापडणे कठीण. परंतु ही गर्दी पाहून कुणी असे समजू नये की, कामगाराला सहल परवडते. तिकीट परवडते, भाकरीचा डबा परवडतो. परवडत नाही तो खाडा. त्या खाड्याविषयीच आम्हाला दोन शब्द लिहायचे आहेत.

आम्ही सात मित्र. एकाच वस्तीत वाढलेले आणि एकाच बुद्ध विहाराच्या अभ्यासिकेत बसून परीक्षा दिलेले. वर्षावासाच्या काळात वर्षातून एक दिवस एकत्र बाहेर पडायचे, हा आमचा जुना रिवाज. आमच्यात एक मास्तर आहेत, एक पोस्टमन, एक कंपनीत फिटर, एक पालिकेत कायम कामगार, एक रंगारी आणि एक सुरक्षारक्षक. सातवे आम्ही स्वतः, कारकून. बी.कॉम. झालेलो असल्यामुळे हिशेबाची वही ओघानेच आमच्याकडे आलेली.

यंदा बेत ठरवायला बसलो तेव्हा सुरक्षारक्षक मित्र गप्पच होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही जाऊन या रे. मला नाही जमायचं."

कारण विचारले तर आधी सांगेना. मग म्हणाला, "बारा तासांची ड्युटी, ठेकेदाराचं काम. दिवस भरला तर पैसे. एक खाडा म्हणजे सहाशे रुपये गेले, वर तुमची वर्गणी. पोरीची फी तोंडावर आलीय."

रंगारी मित्र हळूच म्हणाला, "माझंही तेच आहे. मी बोललो नाही इतकंच."

बैठक एकदम शांत झाली. आम्हा कारकुनांचा, पोस्टमनचा आणि मास्तरांचा रविवार पगारी. फिटरची सुट्टी गुरुवारी, पण त्याच्या खात्यावर रजा शिल्लक असते. पालिकेतल्या मित्राचेही तसेच. एकाच ताटात जेवणाऱ्या मित्रांचे रविवारही किती निरनिराळे असतात!

कुणीतरी सुचवले, या दोघांकडून वर्गणी घेऊ नये. ते ऐकून सुरक्षारक्षक मित्र तडक उठलाच. "फुकट नाही यायचं मला!" त्याचे खरेच होते. ज्याने आयुष्यभर मान खाली घातली नाही, त्याने मित्रांपुढे का घालावी?

तेव्हा आम्ही वही उघडली आणि मांडणी केली, ती अशी. गाडीभाडे, लेण्यांची तिकिटे, चहापाणी, जेवण मिळून सात जणांचा खर्च १,०५० रुपये. सुरक्षारक्षकाचा खाडा ६०० आणि रंगाऱ्याचा ८००, मिळून १,४००. खाडा हादेखील सहलीचाच खर्च, म्हणून तोही त्याच रकान्यात. एकूण २,४५० रुपये. भागिले सात, माणशी ३५०. प्रत्येकाने ३५० भरायचे, त्या दोघांनीही. आणि ज्याचा खाडा पडला, त्याला तो वहीतून मिळायचा.

"हे फिरवून उपकारच झाले की!" तो म्हणाला.

मास्तर म्हणाले, "गाडीभाडं सात जणांत वाटतो, ते उपकार असतात का? सगळे बरोबर असावेत म्हणून जो खर्च येतो, तो सगळ्यांचा."

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझे साडेतीनशे पहिले लिही." आम्ही पहिले नाव त्याचे लिहिले.

रविवारी पिंपरीहून लोकल पकडली. देहूरोड आले तेव्हा सर्वांनी हात जोडले. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. गाडीत विषय निघाला तो रविवारचाच. मास्तरांनी सांगितले की, हा रविवार कुणी आयता दिलेला नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० रोजी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. पुढे १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ४८ तास ठरले, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ते ऐकून आमचा सुरक्षारक्षक मित्र खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे माझे चार दिवसांतच पुरे होतात." बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस. हिशेब बिनचूक होता. डब्यात कुणी हसले नाही.

मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला आणि पायीच भाजे गाठले. पायऱ्या चढून वर गेलो. इथे एकूण २२ लेणी. मोठे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. आतले खांब किंचित आत कललेले आणि छताला लाकडाच्या फासळ्या. दोन हजार वर्षांहून जुने हे लाकूड अजून जागेवर आहे, हे पाहून रंगारी मित्र मान वर करून उभाच राहिला. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. काही स्तूपांवर थेरांची, म्हणजे वृद्ध भिक्खूंची नावे कोरलेली आहेत. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. बाहेर झोडपणारा पाऊस आणि आत कोरडा दगड. तो नियम इथे उभे राहिले की पुस्तकाशिवाय समजतो.

पुढे पाण्याचे टाके आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने ते दान दिल्याचा लेख तिथे आहे. आमच्या मित्राने विचारले, "दिलं त्याचं नाव आहे. खोदलं त्याचं?"

प्रश्न रास्त होता. उत्तर समोरच्या डोंगरात आहे. खोऱ्याच्या पलीकडे कार्ल्याचे चैत्यगृह आहे. ते कुणा एकाच्या पैशातून झालेले नाही. खांबांवर वेगवेगळ्या दात्यांचे लेख आहेत. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दरवाजाचे दान दिले, आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजा घडवला, असेही तिथे कोरलेले आहे. देणाऱ्याबरोबर घडवणाऱ्याचे नाव! एवढे मोठे काम उभे राहिले ते वर्गणीतून. कुणी खांब दिला, कुणी दरवाजा, कुणी हातची कारागिरी. आम्ही म्हणालो, "बघ, ही आपलीच वही आहे." तेव्हा तो सकाळपासून पहिल्यांदा मोकळेपणाने हसला.

दुपारी पाण्याच्या कडेला डबे सोडले. ठेचा, भाकरी, सुकट, कांदा. मास्तरांनी तिथे आणखी एका सहलीची गोष्ट सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, असे तीसेक जण, वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून तिथल्या हौदाच्या पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटवला म्हणून लोक धावून आले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहानंतर सात वर्षांनी घडलेली ही गोष्ट. ती ऐकताना आमचे पाय पाण्यातच होते. कुणी काढले नाहीत आणि काही बोललेही नाही.

मात्र हक्क मिळाला म्हणून पाण्याशी बेपर्वाई करायची नसते, हे इथे आवर्जून सांगितले पाहिजे. ३० जून २०२४ रोजी याच भागात, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस वाढला की खालचा ओहोळ काही मिनिटांत फुगतो. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली, की लेकरांना घेऊन ताबडतोब बाहेर यावे. आम्ही उथळ कडेलाच बसलो आणि आवाज वाढताच उठलो. निघताना पालिकेतल्या मित्राने आमच्याबरोबर दुसऱ्यांच्याही बाटल्या गोळा करायला घेतल्या. फिटर म्हणाला, "अरे, आज तरी सुट्टी घे!" मग सातही जणांनी उचलल्या, दहा मिनिटांत काम संपले. वाटून घेतले की ओझे कसे हलके होते, हे दिवसभरात दुसऱ्यांदा दिसले.

रात्री घरी वही मिटवताना आमच्या मंडळींनी ती मांडणी वाचली. म्हणाल्या, "छान आहे. पण आमचा खाडा कुठल्या रकान्यात येतो? आम्हाला रविवार कुठल्या साली मिळाला?" आम्ही हे वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवले. पुढची सहल सातही कुटुंबांची, आणि त्या दिवशीचा डबा पुरुषांनी करायचा, असे एकमताने ठरले आहे. मास्तर आत्तापासून भाकरी थापायला शिकत आहेत, असे कळते!

वाचक बंधू-भगिनींनो, आज आपल्या वस्त्यांत ठेक्यावर राबणारी पोरे वाढत चालली आहेत. लग्नकार्य असो, विहारातला कार्यक्रम असो की सहल, "मला जमत नाही" असे म्हणणारा माणूस बहुधा माणूसघाणा झालेला नसतो. त्याचा खाडा पडत असतो. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच्यावर दयाही दाखवू नका. तुमच्या मंडळाच्या वहीत खाड्याचा एक रकाना आखा आणि सगळ्यांत भागून टाका. पगारी सुट्टीसाठी आणि कामाच्या तासांसाठी लढायचे ते लढूच. पण तोवर आपल्या माणसाचा रविवार आपल्याला राखता येतो. त्याला माणशी साडेतीनशे रुपये लागले.

जय भीम!