कवटीचा तक्ता मी का उतरवला

बालवाडीत शिकवायला लागल्यापासून धोक्याच्या खुणांचा तक्ता माझा फार लाडका होता. कवटी आणि हाडं, आगीची ज्वाळा, हातावर सांडणारं ॲसिड. मुलं एका सुरात "हात नाही लावायचा!" ओरडायची आणि ऐकून पालक खूश व्हायचे, मीही. आता तो तक्ता लहान गटाच्या भिंतीवर नाही. शाळेत त्यावरून थोडी कुरकुर झाली, म्हणून कारण सांगते.

पहिली शंका आली ती अमेरिकेतल्या 'मिस्टर यक'बद्दल वाचून. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात १९७१ साली जीभ बाहेर काढलेला हा हिरवा चेहरा तयार झाला. कवटी पाहून मुलांना विष नव्हे, समुद्री चाचे आठवतात, म्हणून ही नवी खूण. तिचे स्टिकर घरोघरी लागले. पुढे अगदी लहान मुलांवर तिची परीक्षा झाली, तेव्हा स्टिकर पाहून ती लांब राहतात असं काही दिसलं नाही. उलट काही मुलं स्टिकरवाल्या डब्यांकडेच ओढली गेली. दोन वर्षांच्या पोराला चित्र दाखवायचं आणि वर हात लावू नको म्हणायचं!

आपल्याकडे तर आणखी गोंधळ. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण सौम्य म्हणजे खाण्याजोगं नव्हे. आणि आमच्या मुलांची हिरव्या रंगाशी ओळख होते ती बिस्किटाच्या पुड्यावरच्या शाकाहारी ठिपक्यातून.

पण माझं मत खरं फिरवलं ते मुलांच्या घरांनी. रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत. दारावर येणारं सुटं फिनेल पाण्याच्या जुन्या बाटलीत. आजीच्या बीपीच्या गोळ्या पट्टीतून काढून डबीत, शेजारी पेपरमिंटसारख्या दिसणाऱ्या डांबरगोळ्या. आजोबांच्या चंचीतली चुन्याची पुडी तर मुलं खेळायलाच घेतात. ती दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो, बुबुळ भाजतं. यातल्या कशावरही कवटी नसते. मी शिकवत होते ती खूण त्यांच्या घरात जवळजवळ नव्हतीच.

मोठ्या गटाला, वाचू लागलेल्या मुलांना मी खुणा अजूनही शिकवते. त्यांना त्या कळतात आणि घरी जाऊन ती मोठ्यांना दटावतातही. लहानांना एवढंच : विचारल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. त्यावरही मी विसंबत नाही. औषध पाजताना "चॉकलेट आहे" म्हणणारी आई असली, की माझं वाक्य फुकट.

म्हणून तक्त्याचा वेळ मी पालकसभेला दिला आहे. मोरीतलं ॲसिड वर, कडीच्या कपाटात. रॉकेल, फिनेल खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच नाही. चुना मुलांच्या हाताला लागणार नाही असा. डोळ्यात गेलाच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धूत राहा आणि मग डॉक्टरकडे न्या. मुलाने रॉकेल किंवा ॲसिड प्यायलं, तर घशात बोटं घालून किंवा मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. तडक दवाखाना गाठा, आणि ती बाटली सोबत न्या. तिच्यावरची खूण डॉक्टरांना वाचता येते.