डोक्यावरचा आठ

मणक्याचा एक्स-रे बघून जालन्याच्या डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर मान वर करून काय करता? वाटूर फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान आहे म्हटलं, तर ते म्हणाले, त्यात मान खाली असते. मग दोऱ्यांवरच्या विमानाचं, म्हणजे कंट्रोल लाइनचं, सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मान मागं टाकायची नाही असं बजावलं. विंगओव्हर, अवरग्लास, क्लोव्हर या सगळ्या कसरती डोक्यावरून जातात, पण तिथं मुक्काम करत नाहीत. त्यांना मान एखाद्या झटक्यात निभावून नेते. ओव्हरहेड एट मात्र राहतोच तिथं. एक नाही, लागोपाठ दोन आठ, म्हणजे चार लूप, आणि चारही ऐन माथ्यावर. माझं आयुष्यभराचं भांडण नेमकं त्याच्याशीच.

हँडल धरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको, तरी आकडा लिहितो, कारण तो मला झोपू देत नाही. अठरा मीटरच्या दोऱ्या आणि सव्वापाच सेकंदांची चक्कर असली, की सपाट उड्डाणात विमान स्वतःच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त जोरानं हात ओढतं. माथ्यावर गेलं की त्यातलं एक वजन सरळ वजा होतं, कारण तिथं पृथ्वी आणि दोरी दोघीही त्याला माझ्याकडेच ओढतात. वर चढताना वेग दहा टक्के जरी पडला, तरी हाताशी उरते जेमतेम एका वजनाएवढी ओढ. एवढ्या ओढीवर एलिव्हेटर हलवायचा, फ्लॅप हलवायचे आणि दोन लूप सारखे, गोल, एकमेकांना बरोबर माथ्यावर छेदणारे काढायचे. पहिला लूप कुणालाही जमतो. दुसऱ्या बाजूला वळताना, त्या छेदावर, दोरी क्षणभर हातात मेल्यासारखी वाटते. तो क्षण मला आजतागायत पुरता जिंकता आलेला नाही.

बाकीच्या सगळ्या कसरतींत वारा मदतीला घेता येतो. वाऱ्याकडे पाठ करायची, विमान समोर, म्हणजे वाराच त्याला बाहेर ढकलतो आणि दोऱ्या ताठ राहतात. माथ्यावर ही सोय नाही. तिथला वारा आठाला आडवा ढकलतो, एक लूप फुगतो आणि दुसरा चेपतो. आमच्याकडे फेब्रुवारी सरला की दहा वाजल्यापासून रानात वावटळी उठतात, म्हणून उडवायचं ते दिवस उगवताना. तूर निघालेलं रान बरं पडतं. कापसाचं नको, पऱ्हाट्यांच्या खुंटांत पोलादी दोऱ्या अडकल्या की पीळ पडतो. पिळाची दोरी मी वापरत नाही. ओल्या फडक्यात धरून बोटांनी शेवटपर्यंत चाचपतो आणि बारीकशी गाठ लागली तरी ती दोरी बाद. त्यातही शेतपंपाच्या विजेच्या तारा ज्या रानावरून गेल्या आहेत ते रान मोजायचंच नाही. दिवसभर जळालेल्या मोटारी उघडणारा माणूस मी, वीज काय करते ते मला पुस्तकातून कळलेलं नाही.

आता आवडीचं बोलतो. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या क्लासिक गटात १९६९ च्या अखेरपर्यंतची डिझाइनं चालतात, आणि त्यातली देखणी कोणती यावर लोक हातघाईवर येतात. बॉब पामरचं थंडरबर्ड दिसायला राजबिंडं आहे. बिल वेर्वेजचं एरीज त्याहून नाजूक. पण माथ्यावर मला जॉर्ज ऑल्ड्रिचचं नोबलरच हवं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं हे टेक्सासचं विमान, पंख साधारण पन्नास इंच. पंखाचा छेद जाड, पुढची कड बोथट आणि एलिव्हेटरला जोडलेले फ्लॅप, म्हणून हलकं बांधलं तर वळताना वेग फारसा सांडत नाही. हलकं म्हणजे सव्वा किलोच्या आत. त्यावर पावणेसहा सीसीचं फॉक्स ३५. सपाट उडताना ते जाड, फोर-स्ट्रोकच्या सुरात घुरघुरत असतं आणि नाक वर गेलं की सूर चढून टू-स्ट्रोकवर येतं. जोर जिथं हवा तिथं आपणहून वाढवणारं असं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. बुश बेअरिंगच्या त्या इंजिनाला तेल मात्र भरपूर लागतं. इंधनात पाव हिस्सा एरंडेल हवंच. सिंथेटिक तेलावर चालवा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना इंजिनही दाखवत नाही.

जागतिक स्पर्धांत आता विजेच्या मोटारी जिंकतात. फेऱ्या सांभाळणारं सर्किट असतं, माथ्यावर वेग पडू लागला की ते जोर वाढवतं. माझा आठ त्यांच्याकडं सोपा झाला आहे, हे मला मान्य आहे. पण पोटासाठी मोटारी भरायच्या आणि हौसेसाठीही मोटारच, हे माझ्याच्यानं होणार नाही. ड्रोनवाल्या पोरांबद्दल तर बोलतच नाही. हातातून बटण सोडलं तर ते हवेत जागच्या जागी उभं राहतं. मग उडवलं कुणी?

माझा एक दोष सगळ्या वाटूरला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी माणसं बघायला थांबली, की मी उलटं विमान गरजेपेक्षा खाली आणतो. पंखाला चकाकता रंग देतो. तो काही ग्रॅम वजन वाढवतो हे माहीत असूनही देतो, कारण सकाळच्या उन्हात तो दुरून दिसतो. माथ्यावर दोरी ढिली पडू लागली की सगळेच करतात तसा मीही मागं सरतो, पण ती दोन पावलं अशी ऐटीत टाकतो की बघणाऱ्याला तो आठाचाच भाग वाटावा. कितीतरी वर्षं ते खपून गेलं.

दुकानात कामाला असलेल्या पोरानं ते पकडलं. "काका, तुम्ही माघं सरता तवा दोरी ढिली असती ना?" एवढंच विचारलं त्यानं. मी त्याला रेग्युलेटर नीट बसव म्हणालो, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात हँडल दिलं. विमान पीसमेकर, तेही ऑल्ड्रिचचंच, छोट्या डिझेल इंजिनासाठी काढलेलं. त्यावर कलकत्त्याचं अडीच सीसीचं अरोरा. नागपुरात कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये मी याच जातीच्या इंजिनावर शिकलो. ईथर, रॉकेल आणि एरंडेलाचा तो वास अजून नाकात आहे. पोरगं मान मागं टाकतच नाही. गुडघे वाकवून सगळं अंग कलतं करतं आणि विमान लूपच्या तळाशी येईल तिथं नजर ठेवतं. बाकीचं हाताला लागणाऱ्या ओढीवरून काढतं. त्याचे लूप हवेत त्यापेक्षा मोठे आहेत, पंचेचाळीस अंशांच्या खाली घसरतात. पण गोल आहेत. छेदावर त्याची दोरी मरत नाही.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कडेला उभ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी सांगितलं, विमान माझं आहे. गुडघ्यांची त्याची ती तऱ्हा मीही सकाळी एकटा असताना करून बघतो. ओढ हाताला कळते, पण माझे गुडघे तेवढे वाकत नाहीत. तेव्हा नोबलर माझ्याकडं राहील, आठ सोडून बाकी सगळ्यासाठी, आणि आठ त्याचा.

एअर विंगच्या वायु सैनिक कॅम्पमध्ये कंट्रोल लाइनची स्पर्धा होते, म्हणून ही विद्या आपल्याकडं तगली. पण कॅम्प संपल्यावर पोरांना इंजिन मिळत नाही. आमच्या पोराचं अरोरा झिजलं आहे, पिस्टन कॉम्प्रेशन धरत नाही. कुणाच्या माळ्यावर एनसीसीच्या काळातलं इंजिन पडून असेल, एरंडेल सुकून जाम झालेलं असलं तरी चालेल, ते भंगारात घालू नका. वाटूर फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान कुणीही दाखवेल.