पिक्चर ट्यूबवाल्यांची टीम

उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. अकरावीत आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर एक खेळ खेळतो. त्यात आपण फुटबॉल क्लबचे मॅनेजर व्हायचं, खेळाडू विकत घ्यायचे, टीम उतरवायची. मोठ्या क्लबांचा त्याला कंटाळा आलाय. जगाच्या कानाकोपऱ्यातल्या बारक्या टीम शोधून काढतो.

एका रात्री मला हाक मारून म्हणाला, "मामू, हे बघा. लिथुएनियाची टीम. पाच वर्षं ओळीनं चॅम्पियन. आणि आता नाहीच."

"नाही म्हणजे?"

"बंद पडली. जुन्या डेटात आहे, नव्यात नाही. आणि नाव काय माहितीये? एक्रानास. म्हणजे पडदा, स्क्रीन. टीमचं नाव कुणी स्क्रीन ठेवतं का?"

मलाही गंमत वाटली. आम्ही दोघांनी मिळून शोधलं. उत्तर सापडलं आणि मी खुर्ची ओढून खालीच बसलो. एक्रानास हे आधी एका कारखान्याचं नाव होतं. त्या कारखान्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनायच्या.

पिक्चर ट्यूब या शब्दावर आमचं घर चाललं आहे. अब्बांचं तालुक्याच्या गावी टीव्ही रिपेअरचं दुकान होतं. मी अक्षरं शिकलो ती शाळेत कमी आणि अब्बांच्या जॉब कार्डांवर जास्त. 'योक बदलला', 'गन वीक', 'ईएचटी तपासणे'. चालू टीव्हीच्या मागे हात घालायचा नाही, हा घरातला पहिला नियम. बंद टीव्हीच्याही नाही, कारण ट्यूब बंद झाल्यावरही करंट धरून ठेवते. हा दुसरा नियम. काचेच्या त्या मोठ्या भांड्यात हवा नसते. मागच्या बारीक मानेत गन असते, ती इलेक्ट्रॉनचा मारा पुढच्या काचेवर करते, काचेच्या आतल्या लेपावर ठिपके उजळतात आणि आपल्याला रामायण दिसतं. दुरुस्ती जवळजवळ सगळ्याची होते, ट्यूबची होत नाही. अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, "ट्यूब गयी तो टीव्ही गया."

म्हणून त्या टीमची गोष्ट मी पुढचे आठ दिवस वाचत बसलो.

पानेवेझिस हे लिथुएनियातलं पाचव्या क्रमांकाचं शहर. नेवेझिस नदीच्या काठी. सोव्हिएत काळात तिथे एकामागून एक कारखाने आले. काचेचा, केबलचा, आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला पिक्चर ट्यूबचा. शहर वाढत वाढत सोव्हिएत राजवटीच्या अखेरीस सव्वा लाखाच्या पुढे गेलं. नुसतं कारखान्यांचं गाव मात्र नव्हतं ते. युओझास मिल्टिनिस या दिग्दर्शकानं तिथे नाटकाची अशी परंपरा उभी केली, की दूरदूरचे लोक खास नाटक बघायला पानेवेझिसला यायचे. तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस' सिनेमातला नायक दोनातास बानिओनिस हा त्याच नाट्यगृहाच्या रंगमंचावर घडलेला नट.

१९६४ साली या गावात कारखान्याच्या नावाची फुटबॉल टीम उभी राहिली. सोव्हिएत व्यवस्थेत व्यावसायिक खेळाडू ही गोष्ट कागदावर नसायचीच. खेळाडू कुठल्या तरी कारखान्याच्या, पोलिसांच्या नाहीतर सैन्याच्या पटावर असायचा. त्यामुळे टीमचं नाव म्हणजे कामगाराच्या ओळखपत्रावरचंच नाव. पाळी संपवून माणूस मैदानावर जायचा आणि ज्या नावाखाली दिवसभर काम केलं, त्याच नावानं ओरडायचा. १९८५ साली ही टीम सोव्हिएत लिथुएनियाची विजेती झाली.

११ मार्च १९९० रोजी लिथुएनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. राजधानी व्हिल्निअसची झाल्गिरिस ही टीम तेव्हा सोव्हिएत लीगच्या सर्वांत वरच्या गटात खेळत होती. तिनं ती लीग सोडली आणि देशाचं फुटबॉल आपल्या अंगणात परत आलं. अंगण लहानच. शिवाय लिथुएनियात लोकांचं खरं वेड बास्केटबॉल. फुटबॉलला दुय्यम जागा. अशा देशात १९९३ साली एक्रानास पहिल्यांदा स्वतंत्र लिथुएनियाची विजेती झाली.

पुढची काही वर्षं कौनास शहराच्या एफबीके कौनास या क्लबची होती. १९९९ ते २००४, सलग सहा विजेतेपदं. त्या क्लबमागे बँकवाल्या धनिकाचा पैसा होता. ही साखळी २००५ साली तोडली ती पानेवेझिसच्या टीमनं. पिक्चर ट्यूबवाल्यांनी बँकवाल्यांना मागे टाकलं.

आणि नेमकं पुढच्याच वर्षी, २००६ साली, पिक्चर ट्यूबचा कारखाना दिवाळखोरीत गेला.

कारण आपल्या सगळ्यांच्या घरातच आहे. भिंतीला टांगलेला सपाट टीव्ही. एक्रानास कारखाना बराचसा माल बाहेरच्या देशांना विकायचा, आणि युरोपातल्या ग्राहकानं जाड टीव्ही घेणं आधी थांबवलं. हजारो माणसांची नोकरी गेली. लिथुएनिया २००४ साली युरोपीय संघात गेला होता, त्यामुळे बाहेरची दारं उघडीच होती. कितीतरी लोक इंग्लंड, आयर्लंडची वाट धरून निघून गेले. १९९० च्या सुमारास सदतीस लाखांच्या आसपास असलेली देशाची लोकसंख्या पुढे तीस लाखांच्या खाली आली. पानेवेझिस आज नव्वद हजारांच्या आत आहे.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ओळखीची आहे. गिरणी बंद पडली, गाव ओस पडलं. माझी अपेक्षा होती, की आता टीमही बंद पडेल.

झालं उलटंच. कारखाना गेला आणि टीम जिंकायला लागली. २००८ साली विजेती. २००९, २०१०, २०११, २०१२. सलग पाच वर्षं. २०१० आणि २०११ मध्ये लीगबरोबर चषकही. वालदास उर्बोनास नावाच्या प्रशिक्षकाचा हा काळ. नसलेल्या कारखान्याचं नाव घेऊन ही मुलं युरोपभर फिरत होती. २०१० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत हेलसिंकीच्या एचजेके क्लबला घरच्या मैदानावर १-० असं हरवलं, परतीच्या सामन्यात जादा वेळेत हरले. २०११ मध्ये माल्टाच्या व्हॅलेटाला बाहेर काढलं. पुढे युरोपा लीगमध्ये हापोएल तेल अवीवला पहिल्या सामन्यात १-० हरवलं, दुसऱ्यात ०-४ मार खाल्ला. २०१२ मध्ये आयर्लंडच्या शॅमरॉक रोव्हर्सला हरवलं आणि मग समोर आलं बेल्जियमचं आंडरलेख्त. दोन सामन्यांत मिळून ०-११.

भाचा म्हणाला, "मामू, कारखाना बंद आणि टीम टॉपला? हे कसं?"

मला ते कसं, हे ठाऊक होतं. पुस्तकातून नाही, दुकानातून.

अब्बांच्या दुकानात सर्वांत जास्त गर्दी मी कधी पाहिली असेल, तर ती शेवटच्या चार-पाच वर्षांत. आमच्या बाजारपेठेत एकेकाळी टीव्ही दुरुस्तीची सात दुकानं होती. सपाट टीव्ही आले तसे एकेकानं शटर ओढलं. कुणी मोबाइलमध्ये गेलं, कुणी रिक्षा घेतली. उरले अब्बा. मग सातही दुकानांची गिऱ्हाइकं एका दुकानात यायला लागली. आसपासच्या खेड्यांतून लोक टीव्ही जीपमध्ये घालून आणायचे. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. सुट्टीत आलो की ती रांग बघून छाती फुगायची.

अब्बा एकदा म्हणाले, "आता बंद करावं म्हणतो. कंपनीचे पार्ट येईनात." मीच त्यांना अडवलं. म्हणालो, "एवढी गर्दी असताना कुणी दुकान बंद करतं का?" नुसतं बोललो नाही, सोसायटीतून कर्ज काढून पैसे पाठवले. शेजारचा गाळा घ्यायला लावला, पार्टचा साठा करायला लावला. अब्बा काही बोलले नाहीत. मुलानं एवढ्या हौसेनं दिलेत म्हणून घेतले. तीन वर्षांत तो साठा भंगारात किलोवर गेला. कर्ज मी पुढे बरीच वर्षं फेडत होतो. त्याचं दुःख नाही. अब्बांना त्यांच्या वेळेला, त्यांच्या मानानं शटर ओढू दिलं नाही, याचं आहे.

एक्रानासच्या विजयांना मी कमी लेखत नाही. २००८ साली कौनासला त्यांनी मैदानावरच मागे टाकलं, आणि ते कौनास साधं नव्हतं. त्याच वर्षी त्यानं स्कॉटलंडच्या रेंजर्सना चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीतून घरी पाठवलं होतं. पण २००९ च्या हंगामाआधी कौनास आणि क्लाइपेडाचा अटलांटास हे दोन्ही क्लब वरच्या लीगमधून बाहेर पडले. बाजारपेठेतली दोन मोठी दुकानं बंद झाली. एक्रानास जिंकत राहिला, तो चांगला होता म्हणून, आणि बाकीचे उरले नव्हते म्हणूनही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. अब्बाही उत्तम कारागीर होतेच.

दुरून बघणाऱ्याला मात्र त्यातली एकच दिसते. तक्त्यात पहिला नंबर दिसतो. दुकानासमोर रांग दिसते.

२०१३ साली झाल्गिरिसनं विजेतेपद घेतलं आणि साखळी तुटली. त्यानंतर एक्रानासची घसरण फार वेगानं झाली. २०१४ चा हंगाम त्यांचा वरच्या लीगमधला शेवटचा. पैशाअभावी क्लब बंद पडला. सात विजेतेपदांचा क्लब, शेवटच्या किताबानंतर दोन-तीन वर्षांतच नाही. पुढे त्या नावानं खालच्या पायरीवर पुन्हा एक टीम उभी राहिली, पण ती पूर्वीची नव्हे.

मैदान ओस पडलं नाही. २०१५ साली गावात नवा क्लब निघाला, एफके पानेवेझिस. कारखान्याचं नाव नाही, मालकाचं नाही, सरळ गावाचं नाव. त्यानं २०२० मध्ये चषक जिंकला आणि २०२३ मध्ये लीग. २०२४ च्या उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत त्यांच्यासमोर आला हेलसिंकीचा तोच एचजेके. या वेळी पानेवेझिसनं त्याला बाहेर काढलं. चौदा वर्षांपूर्वी याच गावाच्या टीमला जादा वेळेत हरावं लागलं होतं, ते गावातल्या म्हाताऱ्यांना नक्की आठवलं असेल. गंमत म्हणजे त्याच शहरातली बास्केटबॉल टीम आजही लिएत्काबेलिस या नावानं खेळते. ते केबल कारखान्याचं नाव. केबल लागते अजून. ट्यूब लागत नाही.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा अब्बांना ही सगळी गोष्ट सांगितली. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पलंगावर उशीला टेकून ऐकत होते. मी विजेतेपदं मोजत होतो, गोल सांगत होतो. समोर भिंतीवर सपाट टीव्ही आवाज बंद करून चालू होता. अम्मीनं चहा आणून ठेवला.

माझं सांगून झालं. अब्बांनी बशीत चहा ओतला आणि विचारलं, "कारखाना कधी बंद झाला म्हणालास?"

"दोन हजार सहा."

"आणि टीम जिंकायला लागली आठला?"

"हो."

"मग कारखान्यातली माणसं गाव सोडून गेली होती ना? मॅच बघायला कोण जात होतं?"

आठ दिवस वाचून मला हा प्रश्न पडला नव्हता. मी म्हणालो, "जी राहिली ती जात असतील, अब्बा."

अब्बांनी मान हलवली. चहा संपवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा दुकानात गर्दी होती, पण ओळखीचं कुणी येत नव्हतं. ओळखीच्यांनी नवे टीव्ही घेतले होते."

एवढंच. रागावून नाही, हिशेब सांगावा तसं. मी उठून कप-बशा आत नेऊन ठेवल्या.

दुकानाचा बोर्ड आमच्या माळ्यावर आहे. निघताना मी तो खाली काढून पुसला. अब्बा म्हणाले, "काय करणार त्याचं?" मला सांगता आलं नाही. पुण्याला आणलाय. भाच्यानं फोटो काढून मागितला, तो पाठवला. त्यानं खेळात एक नवी टीम तयार केली आहे आणि तिला आमच्या दुकानाचं नाव दिलं आहे. सध्या ती खालून दुसरी आहे, असं सांगत होता.