रिकाम्या पानाचा वेग

फ्रेमवर्क मोजायला बसलो की मी आधी एका ओळीची पीएचपी फाइल लिहितो. ती फक्त ‘नमस्कार’ छापते. तिच्यावर ‘एबी’, म्हणजे अपाचेबेंच, चालवायचं आणि सेकंदाला किती रिक्वेस्ट निघतात ते वहीत टिपायचं. त्या यंत्रावरची, त्या मांडणीतली ती कमाल मर्यादा. मग लाराव्हेल या फ्रेमवर्कमधून तेच ‘नमस्कार’.

आकडा धाडकन खाली येतो. येणारच. पीएचपी दर रिक्वेस्टला नव्याने संसार थाटते आणि उत्तर दिलं की मोडते. साध्या फाइलचा संसार चटईएवढा. फ्रेमवर्कला ऑटोलोड, कॉन्फिग, राउट, मिडलवेअर, सेशन असं सगळं मांडावं लागतं. 2013 साली पीएचपी 5.5 सोबत ओपीकॅश आलं, कंपाइल झालेला कोड मेमरीत राहू लागला. मांडामांड मात्र उरलीच.

एकदा फ्रेमवर्कचा आकडा साध्या फाइलच्या जवळपास आला. फेल्ड रिक्वेस्ट शून्य. मी हरखलो. मग खालची ओळ दिसली, ‘नॉन-टूएक्सएक्स रिस्पॉन्सेस’, आणि तिच्यापुढे एकूण रिक्वेस्टइतकाच आकडा. व्हेंडर फोल्डर वाचायची परवानगीच वेब सर्व्हरला नव्हती. प्रत्येक हाकेला 500 आणि कोरं पान. उत्तराची लांबी बदलली तर एबी तक्रार करतं. इथे ती दर वेळी शून्यच होती. आता मोजण्याआधी मी कर्लने उत्तर मागवून स्वतः वाचतो, एक्सडीबग बंद आहे ना ते बघतो, पहिली फेरी वहीत धरत नाही.

‘दहापट हळू’ हे शब्द मला खटकतात. समजा साधी फाइल 1 मिलिसेकंद घेते आणि फ्रेमवर्क 10. फरक नऊ मिलिसेकंदांचा. पानावर 200 मिलिसेकंदांची क्वेरी आली की तुलना 201 आणि 210 ची होते. तिथे ‘पट’ कुठे उरली?

हे मला एका ग्राहकाच्या कामात पटलं. ऑर्डरची यादी रखडत होती आणि फ्रेमवर्क काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. मी क्वेरी लॉग लावला. यादीत शंभर ऑर्डरी, आणि प्रत्येकीसाठी खरेदीदाराचं नाव आणायला वेगळी क्वेरी. एकूण एकशे एक. ‘विथ’ लावलं, म्हणजे सगळी नावं एकत्र मागवली, दोन उरल्या. मग त्यांचं साध्या पीएचपीतलं जुनं पान उघडून पाहिलं, जे वेगवान होतं असं सगळ्यांना आठवत होतं. तिथेही एकशे एकच होत्या. ते पान वापरात होतं तेव्हा ऑर्डरीच कमी होत्या.