तख्तपोशीवरचे बिऱ्हाड

लोकांच्या घरांत शिरलेल्या मधमाश्या बाहेर काढून त्यांची अन्यत्र सोय लावणे हा माझा व्यवसाय असल्याचे कळताच मंडळी बहुधा दोनच प्रश्न विचारतात : चावत नाहीत का, आणि मध किती निघतो? पहिल्याचे उत्तर ‘चावतात’ एवढेच आहे. दुसऱ्याचे उत्तर मी लांबणीवर टाकतो. कारण ज्या घरमालकाचे चित्त मधाकडे लागले, तो माश्यांचा बंदोबस्त अर्ध्यावर सोडून देतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडच्या मधमाश्यांपैकी आग्या आणि फुलोरी या दोन जाती उघड्यावर, एकेकच पोळे टांगून राहणाऱ्या. घरात शिरते ती सातेरी. अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधणे हा तिचा शिरस्ता असल्यामुळे, रानातल्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत जे तिला मिळत होते, तेच पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांतील तख्तपोशीत, बंद पडलेल्या फडताळात, विजेच्या मीटरच्या पेटीत किंवा खिडकीच्या शटरवरील पोकळ डब्यात तिला मिळते. आणि जुने वृक्ष जसजसे तुटत गेले, तसतशी ही दुसरी सोय तिला अधिक पसंत पडू लागली असल्यास त्यात नवल ते कोणते?

ही निवड ती विचारपूर्वक करते. मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाला 1949 साली, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या म्युनिक शहरात, झाडाला लटकलेल्या एका थव्यावर काही माश्या नृत्य करताना दिसल्या. पण त्यांच्या अंगावर परागाऐवजी कुठे काजळी, कुठे विटांची लाल धूळ, कुठे पीठ लागलेले होते. नवे घर हुडकण्यासाठी धुराड्यांत आणि पडक्या भिंतींत हिंडून आलेल्या त्या शोधक माश्या होत्या, आणि आपापली जागा त्या थव्यापुढे सुचवीत होत्या. तेव्हा ‘आमचेच घर का?’ असा तक्रारीचा सूर लावणाऱ्या गृहस्थाला मी एवढेच सांगतो, की आपल्या घराची आतून कसून पाहणी झालेली आहे आणि ते पसंतीस उतरले आहे.

आता फवाऱ्याविषयी. विष मारून मामला निकालात काढता येतो हा समज इतका दृढमूल आहे, की मला बोलावणे येते ते पुष्कळदा फवारणी होऊन गेल्यावरच. माश्या मरतात हे खरे. परंतु पोळी, पिल्ले आणि मध हे सारे भिंतीतच राहते. माश्या जिवंत असताना पंखांनी वारा घालून पोळी थंड राखतात. ती राखण सरली, की उन्हाळ्याच्या तापाने मेण मऊ पडून पोळी कोसळतात, मध गिलाव्यातून पाझरू लागतो, पिल्ले कुजतात, आणि मुंग्या, झुरळे व मेणकिडा यांचे राज्य सुरू होते. शिवाय तो विषारी मध लुटण्यास आसपासच्या वसाहतींतील माश्या येतात आणि त्याही प्राणास मुकतात. हा उपाय मला क्रूर वाटतो हे तर झालेच, पण त्याहून अधिक तो मूर्खपणाचा वाटतो.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते हाताच्या तळव्याने. पिल्लांच्या पोळ्यांभोवती माश्या सुमारे 34 ते 35 अंश सेल्सियस इतकी ऊब राखतात; म्हणून थंडीच्या सकाळी भिंतीवरून किंवा तख्तपोशीवरून हात फिरवला असता एके ठिकाणी लाकूड कोमट लागते, आणि फळी उचकटायची ती तेथलीच. अगोदर थोडा धूर. एखादी माशी डसलीच, तर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो. ती इतर माश्यांना दिलेली धोक्याची वर्दी असते, आणि धुराने ती झाकली जाते. काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून टाकावा. मग कडेच्या पोळ्यापासून एकेक पोळे कापून खाली घ्यायचे : मधाचे वेगळ्या भांड्यात, पिल्लांचे मधपेटीच्या लाकडी चौकटीत, वरची बाजू वर ठेवून, केळीच्या सोपटाने बांधून. हे सोपट वापरण्यात एक सोय आहे. चार-सहा दिवसांत माश्या पोळे मेणाने चौकटीला जोडून घेतात आणि निरुपयोगी झालेले धागे कुरतडून स्वतःच दाराबाहेर आणून टाकतात.

राहता राहिली राणी. ती हजारोंच्या गर्दीत नजरेस पडेलच असा भरवसा नसतो. परंतु पेटीच्या तोंडाशी काही कामकरी माश्या पोट उंचावून पंख हलवू लागल्या आणि तख्तपोशीवर उरलेल्या माश्या त्या गंधाच्या मागाने पायी चालत पेटीत जाऊ लागल्या, की राणी आत पोहोचली असे खुशाल समजावे. या घटकेला मी घाई करीत नाही, आणि घरमालकालाही करू देत नाही. दिवसभर बाहेर गेलेल्या माश्या परतेपर्यंत पेटी तेथेच राहू द्यायची, आणि अंधार पडल्यावर दार बंद करून दोन-तीन किलोमीटरांपलीकडे न्यायची. त्याहून जवळ ठेवल्यास जुन्या वाटा ओळखून माश्या पुन्हा त्याच भिंतीशी येऊन घोटाळतात. सातेरी स्वभावाने बिथरणारी, नवी जागा न आवडल्यास सारी वसाहत घेऊन निघून जाणारी. म्हणून प्रारंभीचे काही दिवस कामकरी माश्यांना मुभा आणि राणीला मज्जाव करणारी जाळी दाराशी लावावी लागते, व साखरेचा पाक द्यावा लागतो. महाबळेश्वरच्या मधसंचालनालयाने आणि 1962 साली पुण्यात स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने असले पेटीतले मधुपालन शिकवले नसते, तर माझ्यासारख्याची विद्या माश्या जाळण्यापलीकडे गेली नसती.

मधाचे उत्तर आता देतो : पावसाळ्यात जवळजवळ काहीच नाही, आणि एरवीही घरमालकाच्या अपेक्षेहून कमी. निघालेल्यापैकी काही भाग मी पाकाऐवजी माश्यांनाच देतो. यावर रुसणारे भेटतात, पण त्याला इलाज नाही.

पोळी काढल्यावर उरलेल्या मेणाचा वास शोधक माश्यांना पुन्हा खेचून आणतो. म्हणून ती पोकळी खरवडून, धुऊन, भरून काढल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. वाचकांना माझी विनंती अशी, की घरात सातेरी आढळल्यास फवाऱ्याला हात घालू नये आणि माश्या आत असताना त्यांचे भोकही बुजवू नये, कारण मग त्या दुसरी फट शोधून खोलीत उतरतात. मुलांना दूर ठेवावे, रात्री तेथील दिवा मालवावा, जवळच्या मधपाळास कळवावे, आणि तो येईल त्याच आठवड्यासाठी गवंड्याशीही बोलून ठेवावे.